कोरडे बूट

आमच्याकडे कुणी दारात आलं की हवेबद्दल विचारतात, गुरांबद्दल विचारतात, ऑस्ट्रेलियाला गेलेल्या पोरांबद्दल विचारतात. पण "कोणत्या वाटेनं आलात?" असं कुणी कुणाला विचारत नाही. हद्द आमच्या शेतांमधून गेली तेव्हापासूनची ही रीत. जो विचारतो तो बाहेरगावचा, नाहीतर जकात खात्याचा. आणि कुणी विचारलंच, तर "चालत आले" एवढं सांगून गप्प बसायचं. हे मला सतराव्या वर्षी माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही.

पण आधी त्या फेब्रुवारीची गोष्ट सांगते, २०१९ सालची. ब्रिटन युरोपातून बाहेर पडणार, तारीख ठरलेली एकोणतीस मार्च. म्हणजे ओढ्यापलीकडचे, ब्रिटनमध्ये मोडणारे उत्तरेतले शेजारी बाहेर आणि अलीकडचे आम्ही आत. रविवारी प्रार्थना झाल्यावर फादरनी चर्चच्या हॉलमध्ये सभा बोलावली. ज्याला ज्याला कागद करायचे असतील त्यानं यावं, डिम्पना मकार्डल समजावून सांगेल, असं त्यांनी मला न विचारताच वेदीवरून जाहीर करून टाकलं.

मला का, तर मी चौतीस वर्षं जकातीचे कागद करण्यात घालवली. मोठ्या रस्त्यावर, हद्दीच्या पलीकडे पत्र्याची एक कचेरी होती. मालाचे ट्रक तिथे थांबायचे, आम्ही त्यांचे कागद भरायचो, शिक्के घेऊन यायचो. १९९२ च्या डिसेंबरात युरोपातल्या देशांमधली जकात उठली; शेवटच्या दिवशी आम्ही केक कापला, शिक्के बिस्किटांच्या डब्यात भरले आणि दिवे मालवून घरी गेलो. पुढे त्या जागी कुणीतरी टायरचं दुकान टाकलं. आता सगळ्यांना तो डबा आठवला होता.

हॉल भरला होता. औषधाच्या दुकानवालीनं तीन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवल्या होत्या आणि आता घरात बसायला जागा नाही म्हणत होती. अळंबीच्या शेडवर काम करणाऱ्या बल्गेरियाच्या बायका आल्या होत्या. राहायच्या पलीकडे, कारण भाडं कमी, आणि कामाला यायच्या अलीकडे. त्यांनी पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणल्या होत्या. ऑर्ला ही आमची गुरांची डॉक्टर. तिनं सांगितलं की आता प्रत्येक मेंढीमागे तिची सही लागेल, तर तिनं आत्ताच डाव्या हातानं सही करायची सवय सुरू केली आहे. युजीन आमच्याकडचे अंत्यविधी बघतो. चर्च अलीकडे आणि जुनी दफनभूमी ओढ्यापलीकडे, म्हणून त्यानं हात वर करून विचारलं, मयताचेही कागद लागतील का.

"कुठल्या देशात बनला आणि कुठं वापरला, ते लिहावं लागेल," मी म्हटलं.

हॉल हसला. मी त्यांना आठ प्रतींचा जुना अर्ज दाखवला, मधले कार्बन कागदही दाखवले. पोरींनी बोटं काळी करून घेतली आणि फोटो काढले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सत्तावीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मागच्या बाकावर फेलिम हॅनरॅटी बसला होता. साठीचा, एकटा, अडतीस गाईंचा धनी. तो हसला नाही. त्याच्या हातात डेअरीचं पत्र होतं.

ते पत्र काय होतं ते मला माझ्या भाच्यानं, मॅलकीनं, घरी येऊन सांगितलं. मॅलकी डेअरीचा दुधाचा टँकर चालवतो. डेअरी आमच्या बाजूला, दक्षिणेत. फेलिमचं घर आणि गोठाही आमच्याच बाजूला. पण त्याच्या अंगणातून बाहेर पडणारी वाट ओढ्यावरच्या पुलावरून उत्तरेच्या रस्त्याला लागते. म्हणजे मॅलकी सात गोठ्यांचं दूध भरून पाव मैल परदेशात जायचा, तिथून वळून फेलिमच्या अंगणात यायचा आणि त्याच वाटेनं परत. पंचवीस वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता डेअरीनं कळवलं होतं की ब्रिटन आणि युरोपचा करार झाला नाही तर एकोणतीस मार्चपासून दूध भरलेला टँकर हद्द ओलांडणार नाही. दक्षिणेकडून वाट असेल तर दाखवा, नाहीतर दुधाची तुम्हीच सोय करा.

"कसली सोय करणार?" मॅलकी म्हणाला. "अडतीस गाईंचं दूध काय किटलीतून नेणार आहे? महिनाभर ओढ्यात ओतेल आणि मग गाई बाजारात नेईल. त्या गाई गेल्या ना मावशी, तर तो खुर्चीत बसेल तो उठणार नाही."

मी चहा ओतत होते. खिडकीतून आमचं खालचं कुरण दिसतं, त्याच्या टोकाला गंजलेलं लोखंडी फाटक, आणि फाटकामागे काटेरी झुडपांची भिंत. दक्षिणेकडून वाट होती. ती माझ्याच कुरणातून जात होती. एकसष्ट वर्षं बंद होती.

मी मॅलकीला म्हटलं, त्याला सांग, फाटकाची साखळी मी काढते. वाट त्याची.

दुसऱ्या दिवशी मॅलकी परत आला तो टोपी हातात घेऊन.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ओवेन मकार्डलच्या फाटकातून माझं दूध जाणार नाही. एवढंच." मग म्हणाला, "अजून एक शब्द वापरला. तो मी सांगत नाही."

सांगायची गरज नव्हती. खबऱ्या. आमच्या भागात याहून वाईट शब्द नाही. माझ्या वडिलांना, ओवेनना, तो एकवीस वर्षं चिकटला होता आणि त्यांच्यासोबतच मातीत गेला असं मी धरून चालले होते.

१९५८ चा नोव्हेंबर. मला त्या पत्र्याच्या कचेरीत नोकरी लागून सहा आठवडे झाले होते. मोठा रस्ता नाक्याजवळ खोलगट होता. पाऊस झाला की तिथे घोट्याएवढं पाणी साचायचं. पण मी त्या रस्त्यानं जात नसे. आमच्या खालच्या कुरणातून हॅनरॅटींच्या अंगणात, अंगणातून पुलावर आणि पुलावरून पलीकडे. जुन्या लोकांनी त्या वाटेखाली दगड घातले होते. कितीही पाऊस झाला तरी पाय बुडत नसे. फेलिमचे वडील पॅकी अंगणात टट्टूला खरारा करत असायचे. "आलीस का कारकूनबाई," म्हणायचे. त्यांची बायको कधी गरम सोडा ब्रेडचा तुकडा हातात द्यायची.

त्या वाटेनं लोणीही यायचं. पलीकडे लोणी स्वस्त होतं, अलीकडे महाग. सगळेच आणायचे. बायका कोटाच्या अस्तरात, पोरं दप्तरात. पॅकी गाडीत आणायचे, दुधाच्या कॅनमध्ये. त्याला आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नसे.

त्या दिवशी आमच्या बाजूच्या नाक्यावरचा जकात अधिकारी आमच्या कचेरीत शेगडीपाशी पाय शेकायला आला. गोड बोलणारा माणूस, दूर दक्षिणेतल्या कॉर्क शहराचा. त्याच्या बुटांतून पाणी निघत होतं. माझ्या पायांकडे बघून तो म्हणाला, "सगळा गाव भिजून येतो, पोरी, आणि तुझे बूट कोरडे कसे?"

मी सतरा वर्षांची होते. नवे बूट होते, पहिल्या पगारातले. कुणीतरी त्यांच्याकडे बघितलं याचाच मला आनंद झाला.

"मी हॅनरॅटींच्या अंगणातून येते," मी म्हटलं.

तो पुढे काही बोलला नाही. चहा संपवून गेला. तीन आठवड्यांनी, पहाटे, आमच्या खालच्या कुरणात बांधामागे चार माणसं दबा धरून बसली होती. पॅकीची गाडी आली. त्यांनी लोणी घेतलं, गाडी घेतली, टट्टू घेतलं. गाडी आणि टट्टू परत मिळत नसत, लिलावात जात.

माणसं आमच्या बांधामागे बसली होती म्हणजे आमच्याच घरातून कुणीतरी बसवली होती. गावानं एवढं गणित लगेच केलं. आमच्या घरात पुरुष एकच होता.

मी वडिलांना सगळं सांगितलं, रडत. ते बूट पुसत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, तू सतरा वर्षांची आहेस, तुला इथे साठ वर्षं काढायची आहेत. माझी काही तेवढी उरलेली नाहीत. तू काही बोलायचं नाही. आणि त्या आठवड्यात त्यांनी फाटक बसवलं, साखळी घातली, म्हणजे पॅकीनं येऊन काही विचारण्याआधीच दार बंद. पॅकीनंही पलीकडून काटेरी झुडपं लावली. त्यानंतर पबमध्ये वडिलांच्या शेजारचं स्टूल रिकामं राहायचं. मग ते जाईनासे झाले. पुढे उत्तरेत बॉम्ब फुटत होते त्या वाईट वर्षांत ब्रिटिश लष्करानं ओढ्यावरचा पूल फोडला, तेव्हा तो परत बांधेपर्यंत पॅकी दुधाचे कॅन खांद्यावर घेऊन पाण्यातून पलीकडच्या रस्त्यापर्यंत न्यायचे, आणि आमच्या फाटकापासून त्यांचा गोठा तीनशे पावलं होता. मी खिडकीतून बघायची. मी काही बोलले नाही.

वडील १९७९ मध्ये गेले. तरीही मी बोलले नाही. नोकरी होती, मग आई होती, मग सवय होती.

मॅलकी गेल्यावर मी कप विसळून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या टँकरच्या पायऱ्या चढले. मॅलकीनं मागून ढकललं म्हणून चढले. "मावशी, डेअरीच्या नियमात प्रवासी बसत नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, मग दुधात लिही.

फेलिम गोठ्यात होता, दूध काढायच्या यंत्राच्या नळ्या धूत. मला बघून तो थांबला नाही. मी दारातच उभी राहिले आणि सांगितलं. बूट, शेगडी, कॉर्कचा माणूस, मी म्हटलेलं वाक्य. वडिलांनी काय म्हटलं तेही. सांगायला पाच मिनिटं लागली. एवढीच गोष्ट होती ती.

पाणी वाहत राहिलं. मग त्यानं नळ बंद केला.

"त्या टट्टूचं नाव काय होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"रॉबिन."

"मी जन्मायच्या आधी गेलं ते. पण आमच्या घरात कुठलीही गोष्ट रॉबिन असतानाची किंवा रॉबिन गेल्यानंतरची." त्यानं हात पँटला पुसले. "तुमच्या वडिलांची शवपेटी नेली त्या दिवशी माझा बाप चर्चला गेला नाही. वरच्या शेतात उभा होता. टोपी काढून. मी वीस वर्षांचा होतो. मी विचारलं, त्या माणसासाठी टोपी कशाला? म्हणाला, गप्प बस."

"त्यांना माहीत होतं?"

"मला काय ठाऊक? आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगतं का?"

एक गाय शिंकली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, ती त्याच्याकडे सरकली.

"तुमची वाट मला नको," तो म्हणाला. "अशी नको. मला गोठ्यात सांगून काय उपयोग? मी एकटा थोडाच त्यांना खबऱ्या म्हणत होतो? ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्यासमोर सांगा. पुढच्या रविवारी आहेच सभा."

"आणि सांगितलं तर?"

"सांगा तर आधी."

तो आठवडा लांब गेला. मी फाटकापाशी जाऊन साखळीला तेल घातलं. कुलूप उघडेना तेव्हा करवतीनं कापलं. स्वयंपाकघरात उभं राहून वाक्यं जुळवली आणि परत मोडली. ज्यांनी वडिलांच्या शेजारचं स्टूल सोडलं होतं त्यांतले बहुतेक आता युजीनच्या वहीत होते. पण त्यांची मुलं होती, सुना होत्या. मला दर रविवारी हात धरून पायऱ्या उतरवणारी माणसं होती ती. सतरा वर्षांची असताना मला ज्याची भीती वाटली होती, तेवढीच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वाटली. कमी झाली नव्हती.

रविवारी सभेत आधी गाडीच्या विम्याच्या हिरव्या कार्डाची चर्चा झाली, हद्द ओलांडायची तर ते लागेल म्हणत होते. बल्गेरियाच्या बायकांपैकी एकीचा पलीकडे राहायचा अर्ज मंजूर झाला होता, तिनं सगळ्यांना चॉकलेट वाटलं. मग फादर म्हणाले, डिम्पनाला आणखी काही सांगायचं आहे. मी उभी राहिले. माझ्यासमोर तो आठ प्रतींचा अर्ज होता, त्याच्याकडेच बघत बोलले.

"अठ्ठावन्न साली पॅकी हॅनरॅटीची गाडी पकडून दिली ती मी. माझ्या वडिलांनी नाही. जकातवाल्यानं विचारलं कुठून येतेस, आणि मी सांगितलं."

पुढचंही थोडं सांगितलं, पण लोकांनी ऐकलं ते एवढंच. औषधवालीची सासू, माझ्याच वयाची, माझ्यासोबत शाळेत होती. तिनं हातमोजे घातले, पिशवी उचलली आणि निघून गेली. तिच्या नवऱ्यानं एकदा माझ्या वडिलांच्या अंगावर दारू फेकली होती. ती माझ्यावर चिडली होती की त्याच्यावर, ते मला आजही माहीत नाही.

मग युजीन मागून सावकाश म्हणाला, "एकसष्ट वर्षं. आणि आपण म्हणतो, लंडनची माणसं तोंड उघडायला वेळ लावतात."

कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले, सगळे नाही. फेलिम उठला, पुढे आला. मला वाटलं काहीतरी बोलेल. त्यानं टेबलावरचा एक कोरा अर्ज घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि गेला.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सकाळी मी राखेची बादली बाहेर टाकायला गेले, तर कुरणाच्या टोकाकडून करवतीचा आवाज येत होता. झुडपांच्या पलीकडून.

तीनशे पावलांच्या वाटेला तीन आठवडे लागले. युजीननं कबरी खणायचं त्याचं छोटं यंत्र आणलं आणि म्हणाला की एवढा लांबलचक माणूस त्यानं आजवर पुरला नव्हता. ऑर्ला दोनदा येऊन फावडं मारून गेली. जुने दगड मातीखाली जसेच्या तसे होते. एका जागी वाटेच्या मधोमध पांढऱ्या फुलांचं एकटं काटेझाड उगवलं होतं, चांगलं पुरुषभर उंच. तसलं एकटं झाड आमच्याकडे कुणी तोडत नाही. तोडणाऱ्याचं काय होतं याच्या पाच-पाच कहाण्या प्रत्येकाकडे आहेत. त्याला हात लावायला कुणी तयार होईना, युजीनसुद्धा नाही. मग वाटच त्याच्या बाजूनं वळवली. टँकरचा आरसा त्याला लागेल म्हणून मॅलकी कुरकुरला. फेलिम म्हणाला, आरसा मिटता येतो, झाड नाही.

मी रोज दुपारी हॅम सँडविच आणि फ्लास्कमधला चहा घेऊन जायचे. फेलिम घ्यायचा, "आभारी आहे" म्हणायचा आणि आपल्या बाजूला जाऊन खायचा.

बावीस तारखेच्या शुक्रवारी सकाळी मॅलकी धावत आला. टँकरमधल्या रेडिओवर ऐकलं होतं त्यानं. एकोणतीस मार्च रद्द. तारीख पुढे ढकलली. किती पुढे, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

सगळे फावड्यांवर रेलून उभे राहिले. युजीननं यंत्र बंद केलं. वीसेक पावलं उरली होती, माझ्या फाटकाकडची.

"मग?" मॅलकीनं फेलिमकडे बघितलं. "आता घाई नाही. थांबायचं का?"

फेलिमनं टोपी काढली, डोकं खाजवलं. ओढ्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. आता पूल त्याला पुरेसा आहे, पुढची तारीख येईपर्यंत. माझी वाट घ्यायचं त्याला काही कारण उरलं नव्हतं.

"गाईंनी रेडिओ ऐकलेला नाही," तो म्हणाला. "चल, सुरू कर ते यंत्र."

पुढच्या शुक्रवारी, ज्या तारखेला हद्द बंद व्हायची होती त्या तारखेला, मॅलकीचा टँकर माझ्या कुरणातून आत गेला. आरसा मिटून, काटेझाडाला वळसा घालून. टँकर गेल्यावर मीही मागोमाग चालत गेले. नव्या मातीत चाकांचे खड्डे झाले होते आणि रात्री पाऊस पडला होता. घोट्यापर्यंत चिखलात मी फेलिमच्या दाराशी पोचले तेव्हा तो किटली चुलीवर ठेवत होता.

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्याच्या आईसारखेच डोळे आहेत त्याचे, ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"कोणत्या वाटेनं आलात?" तो म्हणाला.

"तुझ्या अंगणातून," मी म्हटलं.

त्यानं खुर्ची शेगडीजवळ ओढली आणि माझे बूट काढायला खाली बसला.